शेवटून दुसरं बऱ्हाणपूर

मध्यंतरी माझ्या भाच्याने कुठल्याशा प्रवासपुस्तकातली यादी वाचून दाखवली. बघितलीच पाहिजेत अशी शहरं, एकापासून क्रमांक लावून. आपलं बऱ्हाणपूर त्यात बरंच वर आहे म्हणून स्वारी खूश होती. मी विचारलं, "लिहिणाऱ्याला जेवायला कोणी घातलं होतं?" तो म्हणाला, "मावशी, तुला कशातच चांगलं दिसत नाही." दिसत नाही हे खरंच आहे. शहरांना नंबर देणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, मग ते आम्हाला वर चढवोत की खाली ढकलोत. दोन दिवस राहायचं, चार माणसांशी बोलायचं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या गावाला पूर्वी एकदा असाच नंबर मिळाला होता. तो कसा मिळाला हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यात माझाही हात होता.

नव्या राज्यांच्या सीमा आखल्या जात होत्या तेव्हाची गोष्ट. मी बाविशीची, लोधीपुऱ्याजवळच्या मुलींच्या शाळेत मराठी वर्गाची बाई. शाळेत हिंदीचे वर्ग बरेच, मराठीचा एकच, आणि त्यात एकोणीस मुली. बऱ्हाणपूर हिंदी राज्यात राहणार की मराठी राज्यात जाणार यावर पानाच्या ठेल्यांवर रोज भांडणं होत. मला राज्याचं एवढं काही नव्हतं, माझा जीव त्या वर्गात अडकला होता. आमच्या हेडबाईंनी सांगून ठेवलं होतं की मोहल्ल्यात कोणती भाषा चालते ते बघायला वरून कोणीतरी येणार आहे, आणि मराठीची गरज दिसली नाही तर आपला वर्ग हिंदीत मिसळतील. कोण येणार, कधी येणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यामुळे खिशाला पेन लावलेला कोणीही अनोळखी माणूस आम्हाला तोच वाटे. एका विमा एजंटाला तर गल्लीने पाणीही न विचारता परत धाडलं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क, आणि स्वभावाने मुळातच संशयी. पोस्टमनने मनिऑर्डर आणली तरी आधी त्याला नखशिखान्त न्याहाळून घेत. त्या दिवसांत त्यांच्या या स्वभावाला गल्लीत फार मान मिळाला.

थंडीचे दिवस होते. शेजारच्या काकू लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक मानूस चौकात उभा आहे. लिहून राहिला काहीतरी."

"काय लिहून राहिला?" वडिलांनी विचारलं.

"आमाले विचारलं त्याने, घरी काय खाता, सण कोनते करता, लोक कुठून येऊन बसले इथे. आता हे कोनाले लागते?"

वडिलांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "ताकास तूर लागू द्यायची नाही. आणि हिंदीचा एक शब्द कोणी बोलायचा नाही."

हे आम्हाला जड होतं. आमच्या गावची रीत अशी की पाहुण्याच्या तोंडी जी भाषा, त्याच भाषेत त्याच्याशी बोलायचं. त्याला आपल्या भाषेत अडकवणं म्हणजे दारात उभं ठेवण्यासारखंच. शिवाय आमच्या स्वतःच्या बोलण्यातही निम्मी हिंदी. काकूंचं तर एकही वाक्य तिच्याशिवाय पुरं होत नसे. पण त्या दिवशी गल्ली एकदम क्रमिक पुस्तकातलं बोलू लागली. काकूंनी त्या माणसाला "आपण कोठून आलात?" असं विचारल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याने किल्ल्यातल्या हमामाचा रस्ता विचारला, तर कोणीतरी सांगितलं की तिकडे फार साप आहेत. कुंडी भंडाऱ्याचं, म्हणजे आमच्या जुन्या भुयारी विहिरींचं, नाव काढलं तेव्हा वडील म्हणाले, ते पिण्याचं पाणी आहे, त्यात बघायचं काय?

शेवटी तो शाळेच्या ओसरीवर आला. किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, हातात वही. मला म्हणाला, "बहनजी, यहाँ देखने लायक क्या है?"

मला वाटलं, हा सापळा आहे. मशीद, हमाम, किल्ला सांगावा तर हा लिहील, इथे मराठीचं काय काम? मी ताठ उभी राहून म्हणाले, "येथे पाहण्यासारखे काहीही नाही. आम्ही सर्व मराठी आहोत." त्याने तेच पुन्हा सावकाश विचारलं. मीही तेच पुन्हा सावकाश सांगितलं. त्याने वहीत एक ओळ लिहिली, टोपणाने पेन बंद केलं आणि स्टेशनची वाट धरली. वर्ग वाचवला या आनंदात मी त्या दिवशी मुलींना अर्धा तास आधी सोडलं.

दोनेक महिन्यांनी वडिलांनी स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक हिंदी पुस्तिका आणली. प्रवाशांनी पाहण्याजोगी नगरं, क्रमवारीने. आमचं गाव शेवटून दुसरं. खाली दोनच ओळी होत्या: "यहाँ के लोग हिंदी नहीं समझते। एक अध्यापिका ने स्वयं बताया कि देखने को कुछ नहीं है।"

आधी गल्ली भडकली. आमच्या वर कोण, तर ज्याला धड नदीही नाही असं गाव! ज्याने आमचा रव्या-तुपाचा दराबा जिभेवर ठेवला नाही तो कसले नंबर देतो? पण बोलता बोलता सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं की तो दराबा त्याला आम्हीच विचारला नव्हता. एवढ्या लांबून आलेला माणूस आमच्या दारातून उपाशी गेला होता. मला तर त्या "अध्यापिका"ने रात्रंदिवस छळलं. मनातून फार लाज वाटत होती.

होळीनंतर दुसरा एक गृहस्थ आला. वयस्क, हातात छत्री. वही नाही, पेन नाही. आमच्या ओट्यावर टेकला आणि हसून म्हणाला, "किताब में तो आपके शहर की बड़ी बुराई पढ़ी। सोचा, ख़ुद देख लूँ।"

आम्ही विरघळलोच. वडिलांनी, ज्यांनी पोस्टमनलाही सोडलं नव्हतं, फक्त एवढं विचारलं की आप करते क्या हैं. तो म्हणाला, "सरकारी नौकर हूँ, और क्या।" वडिलांनी मान डोलावली आणि चहा सांगितला. काकूंनी मांडे केले. चौकातून गरम मावा जिलेबी आली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला सगळं गाव दाखवलं. जामा मशिदीतला संस्कृत लेख दाखवला, कुंडी भंडाऱ्याच्या विहिरींत डोकावायला लावलं, हमामाच्या छतावर रंगवलेली फुलं दाखवली. वाटेत जो भेटला तो त्याच्याशी हिंदीत बोलला, अगदी आदबीने. मी तर दिवसभर अशी घोटून हिंदी बोलले की माझं मलाच कौतुक वाटत होतं. निघताना तो म्हणाला, "बेटी, आपकी हिंदी तो हमसे भी साफ़ है।" मला फार बरं वाटलं. गावावरचा डाग धुतला असं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा हेडबाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. वरच्या कचेरीचा होता. मोहल्ल्यात प्रत्यक्ष फिरून पाहणी केली असता सर्व थरांतले लोक सहज हिंदी बोलतात असं आढळलं, सबब मराठीचा स्वतंत्र वर्ग ठेवण्याचं कारण नाही. आणखी एक ओळ माझ्यासाठी होती. बाईंची हिंदी उत्तम असल्याने त्यांची बदली करू नये, त्याच मुली त्यांच्याकडे हिंदी वर्ग म्हणून द्याव्यात.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वडिलांनी कागद दोनदा वाचला. "या माणसाचा मला कसा संशय आला नाही?" असं ते त्या संध्याकाळी कितीदा तरी म्हणाले. त्यांना काय सांगणार? मीच तर त्याला गावभर फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. एकोणीसच्या एकोणीस मुली आपापल्या जागी बसल्या होत्या. पहिल्या ओळीतल्या एकीने विचारलं, "बाई, आज कोणता धडा?"

मी म्हणाले, "हिंदी में पूछो।"

तिने मागे वळून पाहिलं, मी कोणाशी बोलते आहे ते बघायला.