मनिषानं वाचलेली पत्रिका

चैताली मॅडमना नोकरीत नऊ वर्षं झाली होती, आणि आपण बरं शिकवतो असं त्यांना वाटत होतं. परळीच्या थर्मल वीजकेंद्रात राखेच्या गाड्या भरणाऱ्या शहादेवची ही लेक. डी.एड. झाली आणि युसूफ वडगावच्या पलीकडं एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत लागली. तिसरी आणि चौथी मॅडमकडं, पहिली-दुसरी मुख्याध्यापक सुंदरराव सरांकडं.

तिसरीत मनिषा सगळ्यात पुढं. पुस्तक उघडलं की धडाधडा वाचायची. कुणी साहेब तपासणीला आले की मॅडम तिलाच उभं करायच्या.

जुलैतल्या एका सकाळी मनिषा अशीच वाचत होती. मॅडम बाकांमधून फिरत तिच्या मागं येऊन थांबल्या आणि पुस्तकात बघितलं. पान दुसऱ्याच धड्याचं होतं. दोन पानं चुकून एकदम उलटली होती. पोरीचं बोट भलत्याच ओळींवरून चाललं होतं आणि तोंडातून आधीचा धडा, एकही शब्द न चुकता, बाहेर पडत होता.

मॅडमनी तिला थांबवलं. पानावरचा एक शब्द दाखवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

मनिषानं चित्राकडं बघितलं, मग मॅडमच्या तोंडाकडं. "झाड?"

शब्द 'विहीर' होता.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुस्तकात नसलेलं एक साधं वाक्य लिहिलं आणि एकेकाला जवळ बोलावलं. एकोणीस पोरांपैकी चौघांना ते वाचता आलं. बाकीच्यांच्या प्रगतिपुस्तकांवर मॅडमच्याच अक्षरात 'वाचन उत्तम' लिहिलेलं होतं. मॅडमनी खडू टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. मॅडमना काय झालं, ते कुणालाच कळेना.

मधल्या सुट्टीत मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा सुंदरराव सर हसले. "सगळीकडं हेच हाय, मॅडम. अहवाल चांगला चाललाय, तो कशाला नासता?"

पण मॅडमना ते पचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पहिला तास त्यांनी पुस्तक बंद ठेवलं. "काल घरी काय झालं, सांगा." सिदू म्हणाला, "आमची शेळी लई वांड हाय. तिनं आज्याचं धोतर खाल्लं." वर्ग खो खो हसला. मॅडमनी मोठ्या कागदावर सिदूचेच शब्द जसेच्या तसे लिहिले. आपलंच बोलणं कागदावर बघून पोरं त्यावर तुटून पडली. मग त्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, शब्द मिसळले, आणि पुन्हा वाक्य जुळवायला दिलं. कुणी चुकून 'आज्यानं शेळीचं धोतर खाल्लं' असं जुळवलं, तर तेही मोठ्यानं वाचून घेतलं. गोष्ट सांगताना त्या ऐन मोक्यावर थांबायच्या. "आता पुढं काय होईल?" प्रत्येकानं अंदाज सांगायचा, तो का वाटतो तेही सांगायचं, आणि मग खरं काय ते स्वतः वाचून बघायचं.

शनिवारी 'घरचा कागद' असायचा. अक्षरं असलेलं घरातलं काहीही आणायचं. बियाण्याची पिशवी, औषधाचं खोकं, एसटीचं तिकीट. वाचायचं आणि सांगायचं: हे कुणी लिहिलं, कुणासाठी, कशाला?

दिवाळीनंतर मनिषा एकेक अक्षर धरून का होईना, पण खरंच वाचू लागली.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिनं लग्नाची पत्रिका आणली. लाल, सोनेरी गणपतीची. उभी राहून ती बोट ठेवत वाचू लागली. 'चि. सौ. कां.' ला अडली, मॅडमनी सांगितलं. पुढं तिनं स्वतः लावलं, "अं... ज... ली. मॅडम, आमच्या ताईचं नाव!"

पोरं हसली. मनिषाही हसली आणि पुढची ओळ वाचू लागली. "रा... म... कि... सन." तिचं बोट तिथंच थांबलं. ते तिच्या बापाचं नाव होतं.

"मॅडम, ताई तर मावशीकडं गेलीय. परळीला. आय म्हनली, चार दिस ऱ्हाऊन येती."

मॅडमनी पत्रिका हातात घेतली. बुधवार, सकाळी अकरा पस्तीस, परळी वैजनाथ. अंजली चार वर्षांपूर्वी याच वर्गात बसायची. आता हायस्कूलला आठवीत होती. मॅडमनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं आणि जन्मतारीख शोधली. चौदा वर्षं, दोन महिने. त्यांनी तारीख तीनदा वाचली.

"आपल्याला गावात ऱ्हायचंय, मॅडम," सुंदरराव सर हळूच म्हणाले. "आपण काय बघितलं न्हाई."

"पोरीनं वाचलंय, सर. मोठ्यानं. एकोणीस जणांनी ऐकलंय."

शाळेमागच्या लिंबाखाली उभं राहून मॅडमनी मुलांच्या मदतीसाठीच्या दहा अठ्ठ्याण्णव नंबरला फोन लावला. गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

मंगळवारी परळीत मावशीच्या दारात पोलीस आणि बालसंरक्षणची माणसं पोचली. अंजलीच्या अंगाला हळद लागलेली होती. रामकिसननं 'अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही' असं लिहून दिलं आणि खाली सही केली.

बुधवारी, अकराच्या सुमारास तो शाळेच्या दारात उभा राहिला. लग्नासाठी शिवलेला नवा सदरा अंगात होता.

"कुनी सांगितलं?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्या तोंड उघडणार तेवढ्यात मनिषा उभी राहिली.

"म्या वाचलं, आबा. पत्रिकेवर ताईचं नाव व्हतं."

रामकिसन ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थिजला. तो लेकीकडं असा बघत राहिला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"तुला वाचाय येतंय?" मग मॅडमकडं वळून म्हणाला, "हिला वाचाय येतंय हे आमाला कुठं ठावं? पत्रिकांचा गठ्ठा हिच्या दप्तराजवळच ठिवला व्हता."

त्यानं मनिषाचा हात धरला आणि तिला घेऊन गेला.

पुढं अठरा दिवस ती आली नाही. मॅडम दोनदा घरी गेल्या, दोनदा दार लागलं. गावातल्या बायांनी बोलणं टाकलं. पोरीच्या हातून आपण हे करून घेतलं का, हा विचार त्यांना वर्गातही सुटेना. शनिवारी पोरांनी कागद आणले नाहीत, आणि मॅडमनीही मागितले नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी मनिषाची आजी, वच्छलाबाई, तिला घेऊन आली. अंजली आठ दिवसांपासून हायस्कूलला जातीय, एवढं तिनं आधी सांगितलं.

"मग हिला इतके दिवस घरी का ठेवलं, आजी?" मॅडमनी विचारलं.

"बाप आडून बसला व्हता. म्या तीन दिस जेवले न्हाई, तवा सोडलं." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "मॅडम, मला अकरावं सरलं व्हतं. जत्रेला जायचं म्हनून नवं लुगडं नेसवलं. लगीन माझं हाय, ते मला मांडवात कळलं."

मनिषा आपल्या जागेवर जाऊन बसली होती. सिदूनं तिच्यापुढं शब्दांच्या पट्ट्या सरकवल्या आणि ती त्या जुळवू लागली.