दुपारी दोनला गप्प

हाताने चालवली की लॅपटॉपवरची स्क्रिप्ट सरळ चालायची आणि वेळ लावून ठेवली की तोंड शिवून बसायची. ज्याने हे भोगलेलं नाही त्याला त्यातला संताप कळणार नाही. संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी मी गोळ्यांच्या डबीकडे बघायचे. दुपारच्या खणात ती पांढरी गोळी तशीच पडलेली असायची आणि माझं डोकं फिरायचं.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय वाचले, पण ताज्या गोष्टी निसटायला लागल्या. सकाळ-रात्रीच्या गोळ्या मी समोर उभी राहून देते. रक्त पातळ ठेवणारी दुपारी दोनची गोळी तेवढी अडचणीची, कारण तेव्हा मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाच्या फायली जुळवत असते आणि अप्पा घरी एकटे असतात. फोन केला की "व्हय व्हय, घेतो" म्हणतात आणि कूस बदलतात. गजर लावला तर तो बंद करतात आणि कशासाठी वाजला ते विसरतात.

तेव्हा मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला. ऑफिसात फायलींसाठी छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे लॅपटॉपने आपोआप करायच्या कामांच्या सूचना, लिहायची सवय होतीच. रोज दुपारी दोनला लॅपटॉपने माझ्या आवाजात बोलायचं, "अप्पा, गुळिगी तगोरी," म्हणजे गोळी घ्या, आणि ती घेऊन त्यांनी एखादं बटण दाबेपर्यंत बोलतच राहायचं. घरात आम्ही निम्मं कन्नड बोलतो, म्हणून ते कन्नडात. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा अप्पा हसून म्हणाले, "तू मराठीत भांडतीस. हे मशीन बरं, कन्नडात गोड बोलतंय की."

पुण्याच्या दादाला हे सगळं खेळणं वाटत होतं. त्याचं म्हणणं, अप्पांना आता एकटं ठेवायचंच नाही. अप्पांसमोर पुण्याचं नाव काढलं की त्यांना घास गिळवत नाही. शेवटी दादाने निकाल दिला, "उन्हाळाभर बघू. गोळ्या चुकायला लागल्या तर गाडी घेऊन येतो आणि त्यांना घेऊन जातो. मग मध्ये पडू नकोस."

आणि गोळ्या चुकायला लागल्या.

मी काय काय करून पाहिलं! फाइलचा पत्ता पूर्ण लिहिला. पासवर्ड पुन्हा भरला. आवाज पूर्ण वाढवला. लॅपटॉप झोपी जाऊ नये ही सोय तर आधीच केली होती. दर वेळी संध्याकाळी हाताने चालवून बघायचे आणि खोलीभर माझाच आवाज घुमायचा. रविवारी मी घरी असले की दोनच्या ठोक्याला लॅपटॉप शहाण्यासारखा बोलायचा. सोमवारी पुन्हा गोळी खणातच. लॅपटॉपमधल्या वेळापत्रकाच्या पानावर 'शेवटचं कधी चाललं' या रकान्यात मात्र रोज दुपारी दोनची वेळ दिसायची. शेजारी एक लांबलचक आकडा असायचा, त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

"दोनला चाललंय असं दिसतंय की, अप्पा," मी म्हणायचे.

"वाजलंच न्हाय," अप्पा म्हणायचे. "तू मला येडा समजलालीस काय?"

दादाने फोनवर सरळ सांगून टाकलं, "तू असलीस की चालतं, नसलीस की नाही. मशीनला काय माहीत तू घरात आहेस का? अगं, ते वाजतं, त्यांना आठवत नाही." मी त्याच्याशी भांडले, पण भांडताना माझा मलाच भरवसा वाटत नव्हता.

मग एका संध्याकाळी मी विचारलं तेव्हा अप्पा भांडले नाहीत. "वाजलं असंल," एवढंच म्हणाले. "आता माझा काय नेम." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुण्यात त्याच्या घरातनं रस्ता दिसतो का गं?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि कुणाला न सांगता मागच्या दाराने घरात आले. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. पाठीवरून घाम ओघळत होता. चोरून बापावर नजर ठेवायची म्हणजे लाजही वाटत होती.

बाहेरच्या खोलीत अप्पांनी भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. तिथेच तांब्यातल्या पाण्याने हात धुतले. मग भिंतीला हात लावत ते निघाले. टीव्हीचं बटण बंद केलं. दिव्याचं बंद केलं. पंखा तेवढा ठेवला. शेवटी पलंगापाशी वाकून त्यांनी लॅपटॉपच्या प्लगचं बटण खट्कन बंद केलं आणि ओला पंचा छातीवर टाकून आडवे झाले.

मी तोंडावर हात दाबून धरला.

जन्मभर अप्पांनी बारदानाचं दुकान चालवलं. वाळक्या तागाच्या पोत्यांच्या थप्प्या, एक ठिणगी पडली की सगळं खलास. दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी येताना सगळी बटणं बंद, चारला परत गेले की सगळी चालू. दुकान विकून किती वर्षं झाली, पण घरात हा दोन्ही वेळचा फेरा चुकला नाही. म्हणूनच मी संध्याकाळी यायचे तेव्हा प्लग चालू असायचा. आणि रविवारी मीच लॅपटॉप घेऊन बसलेली असल्यामुळे ते त्याला हात लावत नसत.

दोन वाजले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पडदाही उजळला होता, पण आवाज नाही. मी बाहेरच्या खोलीत जाऊन तो मांडीवर घेतला. वेळापत्रकातल्या त्या लांबलचक आकड्याचा अर्थ आता कुठे शोधला : 'प्रशासकाने विनंती नाकारली.' आमच्या घरचा प्रशासक पंचा पांघरून माझ्याकडे बघत होता. अटींच्या पानावर मी कधीच न केलेली एक खूण आयतीच होती : वीज जोडलेली असेल तरच काम सुरू करा. मी ती काढली, वेळ दोन मिनिटं पुढची लावली आणि प्लगला हात लावला नाही.

"अप्पा, गुळिगी तगोरी," लॅपटॉप बोलला.

अप्पा दचकून उठून बसले. मी त्यांना पाणी दिलं, गोळी दिली आणि सगळं समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. प्लगचं त्यांना पटेना, "मी कुटं बंद केलं?" म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर उचलली.

"म्हंजे वाजलं नव्हतं."

"नव्हतं, अप्पा. तुम्ही एकटे असताना एकदाही नाही."

"मी खरं बोललालतो."

"हो."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "पुण्याला लाव फोन. मी बोलतो."

मी लावून दिला. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला. "वाजलंच नव्हतं बघ," ते दादाला म्हणाले. "मी म्हणलो होतो की. तुझ्या बहिणीनं डोळ्यानं बघितलंय." दादा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. अप्पांनी तेच पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यांदा सांगितल्यासारखं, आणि मग आणखी एकदा. मी त्यांना थांबवलं नाही.