घरचे खडे आणि न वाजणारे मणी

कोफोरिदुआच्या बाजारात कापडाला नाव नसेल तर ते खपत नाही. बिरागोच्या दुकानात आलेली बाई आधी "ह्याचं नाव काय?" विचारते, आणि नाव मनाला लागलं की मग रंग बघते. 'घरचे खडे' नावाची एक छाप आहे. घरातलाच खडा पायात रुतला की सुरीहून जास्त कापतो, असा तिचा अर्थ. जिला नणंदेला सुनावायचं असतं पण तोंड उघडायची सोय नसते, ती हे नेसते आणि नणंदेच्या दारावरून दोन चकरा मारते. 'चांगले मणी वाजत नाहीत' ही दुसरी, म्हणजे ज्याला मोल आहे ते गाजावाजा करत नाही. ती शहाण्या बायका घेतात, किंवा शहाणं दिसायची हौस असलेल्या. बिरागोनं उभा जन्म लोकांची भांडणं मोजून, कापून, घडी घालून विकली, पण स्वतः कुणाशी भांडली नाही. भांडायला शेजारीणच तशी नव्हती.

शेजारी पोकुआचं मण्यांचं दुकान. दोघींच्या मध्ये एक फळी, आणि दुपारी त्या फळीवर एकच वाडगा. त्यात आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, म्हणजे केंके, आणि तळलेली मासळी. एकीनं मिरचीचा ठेचा आणायचा, दुसरीनं त्याला नावं ठेवायची. बिरागोचा नवरा टार्क्वाच्या खाणीत कामाला गेला आणि तिकडंच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा पोकुआ म्हणाली होती, "बरं झालं, वाडग्यात एक हात कमी."

पण त्या दोघींमधली खरी गोष्ट त्याच्याही आधीची. बिरागोची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. मागं राहिली एक मुलगी, फ्रेमा, रडायचंही त्राण नसलेली. आपल्याकडे आईची बहीण म्हणजे आईच, पण माय मरो मावशी उरो म्हणायला सोपं. मावशीच्या अंगावर दूध कुठून येणार? पोकुआचा ओचेरे तेव्हा तीन महिन्यांचा होता. ती न बोलवता आली, ओचेरेला एका अंगाला धरलं, ह्या पोरीला दुसऱ्या. पुढं नाव ठेवायच्या दिवशी पोकुआनं तिच्या मनगटात निळ्या-पिवळ्या मण्यांची माळ बांधली. त्यात एक मणी जुना, पोकुआच्या आजीचा, एका कडेला टवका उडालेला.

आता कुणी काही केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारी जाऊन कालचे आभार मानायचे, ही रीत. जागच्या जागी म्हटलेले आभार तोंडदेखले. पण त्या सकाळी बहिणीला मातीला न्यायचं होतं, आणि आभार राहून गेले. पुढं दूध रोजचंच झालं. मग 'काल' कुठल्या दिवसाला म्हणायचं? बिरागोच्या मनात ते कायम टोचत राहिलं. पोकुआनं मात्र चुकूनसुद्धा त्या दुधाचा शब्द काढला नाही.

फ्रेमा शिकत शिकत राजधानीत, अक्राला, सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीश झाली. ओचेरे बोलत बोलत खासदार झाला, विरोधी पक्षाचा. दोघांना जे येत होतं त्याचं त्यांनी सोनं केलं.

त्या वर्षी राष्ट्रपतींच्या वार्षिक भाषणाची वेळ आली. राष्ट्रपती संसदेत येऊन देशाचा हालहवाल सांगतात, खासदार बाकांवर, न्यायाधीश झगे घालून पुढं बसतात, आणि सगळा बाजार टीव्हीला डोळे लावून बसतो. एका पोटनिवडणुकीवरून दोन्ही पक्षांचं फाटलेलं होतं. ओचेरे गावच्या रेडिओवर आला आणि म्हणाला, आमचा एकही माणूस त्या सभागृहात पाय ठेवणार नाही. आणि जो न्यायाधीश तिथं जाऊन बसेल, तो राष्ट्रपतींचा मिंधा समजा. तिथंच थांबला असता तर ओचेरे कसला. पुढं म्हणाला, आपल्या गावची लेक मिंधी नाही, तिची खुर्ची रिकामी दिसेल, बघाच तुम्ही.

फ्रेमाला त्यानं विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाडगा रिकामा झाला तरी पोकुआ उठेना. मग म्हणाली, फ्रेमाला सांग, जाऊ नको म्हणावं. ती तिथं दिसली तर लोक माझ्या पोराला हसतील, घरची पोरगी आवरता येत नाही आणि निघाला राष्ट्रपतींना आवरायला. हे बोलताना ती बिरागोकडे बघत नव्हती, हातातले मणी ओवत होती. एवढ्या वर्षांत ह्या बाईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर बिरागोनं फोन लावला आणि पोकुआचं मागणं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून फ्रेमा म्हणाली, "आई, मला तरी कुठं हौस आहे? पुढं टाळ्या पडतात, मागं आरडाओरडा होतो, आणि आम्ही मध्ये झगे घालून उकडत बसतो. काही न्यायाधीश म्हणतात, जाऊच नये. त्यांचंही चूक नाही."

"मग नको जाऊस."

"आता कशी राहू? ओचेरेनं माझी खुर्ची रेडिओवर नेऊन ठेवली. ती रिकामी राहिली तर त्याच्या बाजूनं बोलेल. मी टाळी वाजवली तर राष्ट्रपतींच्या बाजूनं बोलेल. उद्या दोघांचं भांडण कोर्टात माझ्याचपुढं येणार आहे."

"मग जाऊन करणार काय?"

"काही नाही. टाळी नाही, हसू नाही, मानसुद्धा हलवायची नाही."

"एवढ्यासाठी सरकार पेट्रोल जाळतं?" बिरागो म्हणाली. फ्रेमा हसली, आणि मग हळूच म्हणाली, "पोकुआ आईला सांग, तिनं मागितलेलं दुसरं काहीही दिलं असतं."

ते ऐकल्यावर पोकुआ भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी कधी मागितलं नव्हतं." आणि आपल्या दुकानात गेली. त्या दिवसापासून फळीवर दोन वाडगे आले, पुढं फळीवरही नाही, जिचा तिच्या मांडीवर. बिरागोला घास उतरेना. लेक बरोबर होती ह्यात तिला शंका नव्हती, पण आपण उपकार विसरलेली बाई ठरलो, हेही तिला तितकंच खरं वाटत होतं.

भाषणाच्या दिवशी सकाळी पोकुआ बाजारात आली ती 'घरचे खडे' नेसून.

कापड बिरागोच्याच दुकानातलं, तिच्याच हातानं कापलेलं. मिरचीवाल्या अफ्रियेनं ते सर्वांत आधी पाहिलं, आणि अफ्रियेनं पाहिलं म्हणजे बाजारानं पाहिलं. बायका काही ना काही निमित्त काढून बिरागोच्या दुकानावरून जाऊ लागल्या, ही आता उत्तरादाखल कोणतं कापड काढते ते बघायला. तिच्या मागच्या फडताळात शंभर उत्तरं घडी घालून ठेवलेली होती. तिनं एकालाही हात लावला नाही. डोळे भरून आले, तर अफ्रियेच्या मिरच्यांना दोष देऊन पुसले.

मिरच्यांच्या मागं अफ्रियेचीच खानावळ होती, तिथं टीव्ही होता. सगळ्या जमल्या. बिरागो दाराशी बसली, पोकुआ त्या टोकाला भिंतीशी. राष्ट्रपती आत आले, कर्णे वाजले, आणि कॅमेरा विरोधी बाकांकडे वळला. बायका रिकामी बाकं बघायला पुढं सरसावल्या.

बाकं खचाखच भरलेली होती. दुसऱ्या रांगेत, नवाकोरा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून, ओचेरे बसला होता.

अफ्रिये फस्सकन हसली आणि साऱ्या खानावळीनं मान वळवून पोकुआकडे पाहिलं.

"सकाळी फोन केला होता त्यानं," पोकुआ म्हणाली. "पक्षानं आयत्या वेळी ठरवलं म्हणे, जायचं. बाहेर राहून ओरडलं तर ऐकू जात नाही, हे त्याला आज कळलं. आईला कोण विचारतो." मग तिनं आपल्या पदराकडे बोट दाखवलं. "हे मी कुणासाठी नेसले असं वाटलं गं तुम्हाला?"

बिरागोनं तोंडावर हात घेतला. जन्मभर कापडं वाचणाऱ्या बाईला मैत्रिणीचं एक कापड वाचता आलं नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ. पोकुआ आपल्या दातांशी भांडत होती आणि ही इथं सकाळपासून रक्त पुसत होती.

तेवढ्यात राष्ट्रपतींनी टाळीचं वाक्य टाकलं. सरकारी बाकं उभी राहिली, ओचेरेच्या लोकांनी हुर्यो उडवली, आणि कॅमेरा न्यायाधीशांवर आला. फ्रेमा बसलेली होती. ना हसू, ना आठी. हात मांडीवर, एकावर एक. झग्याची बाही जराशी वर सरकलेली, आणि मनगटात निळी-पिवळी माळ, नव्या दोऱ्यात ओवलेली.

पोकुआ भिंत सोडून टीव्हीपर्यंत गेली. "तो टवका उडालेला मणी माझ्या आजीचा," ती म्हणाली. पुढचं भाषण तिनं ऐकलं नाही. तिथंच उभी राहिली, त्यामुळं मागच्यांना दिसलंही नाही, पण कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही. मग ती येऊन बिरागोच्या बाकावर बसली. "चांगले मणी," ती म्हणाली, "एवढ्या गोंगाटात वाजले नाहीत बघ."

शनिवारी फ्रेमा अक्राहून आली. पहाटे मायलेकी आंघोळ करून, आनंदाचं पांढरं नेसून पोकुआच्या दारी गेल्या. ओचेरे घरीच होता, मान खाली घालून न्याहारी करत. पोकुआनं पाहुण्यांना बसवलं आणि पोराला म्हणाली, "ऊठ. न्यायाधीश बाईंना पाणी आण. त्यासाठी पक्षाला विचारायला नको." त्यानं मुकाट्यानं आणलं. फ्रेमानं पेला घेताना त्याच्या डोक्यावर टपली मारली.

पाणी पिऊन झालं. मग रीतीप्रमाणे पोकुआनं विचारलं, "आमच्याकडे सगळं ठीक. तुमचं येणं कशासाठी?"

बिरागोनं हे वाक्य मनात इतकी वर्षं घोळवलं होतं.

"काल तू माझ्या पोरीला दूध पाजलंस," ती म्हणाली. "त्याचे आभार मानायला आलोय."

पोकुआनं एक हात फ्रेमाच्या मनगटावर ठेवला, मण्यांवर. दुसऱ्यानं नाक पुसलं.

"एवढा उशीर?"

"रस्त्यात गर्दी होती," बिरागो म्हणाली.