वानगी पाहून ठेवलेली कोच

नागपूरजवळ वाडीला आमचं मिरचीचं गोदाम आहे. भिवापूरकडून माल येतो, आम्ही तो मसाल्याच्या कारखान्यांना पुरवतो. पाटीवर माझं नाव आहे. निर्णय बाबांचे आहेत. बाबा पोत्यातून एक मिरची काढतात, कानाशी धरून हलवतात, मधोमध मोडतात आणि नाकाशी नेतात. मग एकच म्हणतात, "घे" किंवा "जाऊ दे". जन्मभर त्या नाकावर आमचं घर चाललं. माझं शिक्षण, लग्न आणि लग्न मोडल्यावर परत येणं, सगळं त्यातच भागलं.

गेल्या वर्षी बाबांना मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. घरी भाजी करपली तरी ते शांतपणे पेपर वाचत बसायचे. गोदामात मात्र मिरची मोडणं, नाकाशी नेणं, "घे" म्हणणं चालूच होतं. ओला, बुरशी धरलेला मालही "घे"मध्ये यायला लागला. बाबा जेवायला गेले की मी आणि हमाल खराब पोती मागच्या कोपऱ्यात सरकवायचो. कोपरा भरत चालला. त्यांना हे सांगायला हवं होतं, आणि सांगायचं मलाच होतं. ज्या माणसाची सगळी इज्जत नाकात आहे, त्याला नाक गेलं म्हणून कसं सांगायचं, हे मला सुचेना.

मैत्रीण म्हणाली, कोच ठेव. आजकाल सगळे ठेवतात.

बाबांना मी म्हटलं, धंदा वाढवायचा आहे, त्यासाठी कोच बघते आहे.

"कायचा कोच? क्रिकेटचा?"

"धंद्याचा, बाबा."

"मंग गोदामात आण. वानगी पाह्यल्याबिगर आपण माल घेत नसतो."

पहिला कोच धरमपेठेत बसायचा. त्याच्या भिंतीवर गरुडाचं चित्र होतं. त्यानं मला आरशासमोर उभं करून "मी समर्थ आहे" असं म्हणायला लावलं. मी म्हटलं. आरशातली बाई घाबरलेली दिसत होती, पण आवाज चांगला लागला. तो गोदामात आला आणि दारातच शिंकायला लागला. शिंका संपल्या तेव्हा तो इथली ऊर्जा फार तीव्र आहे असं म्हणाला आणि रिक्षात बसला.

"हलका माल," बाबा म्हणाले.

दुसरी पुण्याची, फोनच्या पडद्यावर भेटणारी. तिनं मला पाठ करायला वाक्य दिलं: 'बाबा, मी तुमच्या भावनांचा आदर करते, पण मला माझ्या सीमा आखायच्या आहेत.' मी ते आंघोळ करताना म्हणून पाहिलं. हे ऐकून बाबांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला असता, मग डॉक्टरांना फोन. शिवाय तिला नागपूरला येणं जमणार नव्हतं. बाबा म्हणाले, फोटोवर मिरची घेतली त्याचं वाटोळं झालं, कोचचं काहून वेगळं असन?

तिसरी बाई इथलीच, बँकेतली नोकरी सोडलेली. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं की ती सल्ला देत नाही, फक्त प्रश्न विचारते. मला हे थोडं महाग वाटलं. माझ्या नातेवाइकांत फुकट सल्ला देणारे ढिगानं आहेत, पण निदान ते देतात तरी. तिनं विचारलं, "तुम्हाला बाबांना नेमकं कोणतं वाक्य सांगायचंय?" मी तिला कारखानदारांचे नखरे सांगितले, ट्रकवाल्यांचा उद्धटपणा सांगितला, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला तिचा राग आला. पहिल्या दोघांचा राग आला नव्हता, म्हणून मी तिलाच गोदामात बोलावलं.

ती आली, डोळ्यांना पदर लावून उभी राहिली, पण हटली नाही. बाबा खूश झाले. त्यांनी तिला खुर्ची दिली, गाव विचारलं, माहेर विचारलं, भिवापूरच्या मिरचीचा रंग समजावून सांगितला. मग कौतुकानं गोदाम दाखवत दाखवत थेट मागच्या कोपऱ्याकडे घेऊन गेले. मला अडवायला कारण सुचलं नाही.

तिथल्या पोत्यातली एक मिरची बाबांनी मोडली, नाकाशी नेली. "पाहा कसा खमंग माल आहे."

ती म्हणाली, "या पोत्यांना असाच वास असतो का?"

हमालांना एकदम बाहेर काम निघालं. बाबांचा हात नाकाशीच राहिला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या धंद्याला जागून गप्प बसल्या.

"तुले येते का वं वास?" बाबांनी मला विचारलं.

आरसा आठवला, पुण्याचं वाक्यही आठवलं. कशाचाच उपयोग नव्हता.

"येते, बाबा. कुबट आहे हा माल. तापापासून तुमाले वास येतच नाही. आम्ही पोते बाजूले काढून राहिलो."

बाबा एका पोत्यावर बसले. हातातल्या मिरचीच्या बिया ते एकेक करून जमिनीवर टाकत होते.

"मले मालूम आहे, मले येत नाही," ते म्हणाले. "रंगावर अन् आवाजावर घेऊन राहिलो होतो. मले वाटलं, तुमाले कोणाले समजलं नसन."

मी रडले. मिरचीच्या गोदामात रडण्याचं कारण कोणी विचारत नाही, ही एक सोय आहे. बाबांनीही डोळे पुसले. बाई तर आल्यापासूनच पुसत होत्या.

जाताना बाबांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. परत येऊन म्हणाले, "हिले ठेव." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आता तुले कोच कायले पाह्यजे?" मी म्हटलं, अजून बरंच बोलायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवापूरची गाडी लागली. बाबांनी पोत्यात हात घातला, मिरची कानाशी हलवली, मोडली. हात सवयीनं नाकाकडे निघाला आणि मध्येच थांबला. मग तो माझ्या तोंडासमोर आला.

"सांग."

मी वास घेतला. दोनदा घेतला. ट्रकवाला, हमाल, बाबा, सगळे माझ्याकडे बघत होते.

"जाऊ दे," मी म्हटलं.

बाबांनी मोडलेली मिरची पोत्यात परत टाकली आणि ट्रकवाल्याला गाडी वळवायची खूण केली.