सरांच्या घरचे जुने पाहुणे

करंजाड्याच्या सरांनी मला फसवलं. कामोठ्यातलं टाईल्सचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय. बिल्डर, कारखानदार, दलाल, आजवर कोणी मला गुंडाळू शकलेलं नाही. या निवृत्त मास्तरानं गुंडाळलं, आणि तेही मेलेल्या माणसांना हाताशी धरून.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते स्वयंपाकघरासाठी टाईल्स बघायला. मी रिवाजाप्रमाणे चढा भाव सांगितला. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं करावं, उठून जायचं नाटक करावं, मग मी हाक मारावी, असा तो सोहळा असतो. सर म्हणाले, "बरं." माझं डोकंच फिरलं. "अहो, कमी करा म्हणा ना!" "तुम्ही सांगितलात म्हणजे तोच असणार," असं म्हणून ते पाकीट काढायला लागले. शेवटी मीच माझ्याशी घासाघीस करून खाली आलो. वर त्यांनी खोक्यांभोवतीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मागून घेतल्या. कशाला, तर टोपल्या विणायला. "सध्या आमच्याकडे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटातले एक म्हातारे तपस्वी मुक्कामाला आहेत. ते प्रार्थना करता करता टोपल्या विणतात." मी विचारलं, "कधी आले?" "एक तारखेला. वारून मात्र सोळाशे वर्षं झाली असतील."

टाईल्स पोचवायला गेलो, तेव्हापासून त्यांच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं. सर ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. दर महिन्याला एकेका जुन्या ख्रिस्ती गुरूला घरी राहायला बोलवायचं, आणि महिनाभर त्याच्या शिस्तीनं वागायचं, हा त्यांचा नेम. "नुसतं वाचून कळत नाही, शेठ. पाहुणा घरात राहिला की कळतो. शिवाय जिवंत माणसाला गुरू केलं की त्याचं मानपान आलं. यांना आपल्याकडून काही नको." तपस्व्यांच्या महिन्यात अख्ख्या बिल्डिंगला वाकड्या टोपल्या मिळाल्या. पुढचे पाहुणे धर्माची शिकवण गाण्यांत बांधणारे सिरियाकडचे कवी निघाले. तेव्हा सर जिन्यात उभे राहून उद्या टाकी धुणार असल्याची सूचना ओवीच्या चालीवर गायचे. सोसायटीत तक्रार झाली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "टोपल्यांवाले बरे होते हो. निदान झोपू द्यायचे."

मग एका विलायती साध्वीची पाळी आली. ही बाई चर्चच्या भिंतीला लागलेल्या खोलीत जन्मभर कोंडून घेऊन राहिली, आणि खिडकीशी येईल त्याचं दुःख ऐकत बसली. सरांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकली. ती उघडते बाहेरच्या, सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या गॅलरीत. वहिनी त्यांना वळसा घालून पोळ्या लाटायच्या.

नेमका त्याच वेळी माझा धाकटा भाऊ दारात पत्रिका ठेवून गेला. पुतणीची हळद. याला टाईलची पारख मी शिकवली, आणि यानं माझ्याच दुकानासमोर स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. भांडणात बरोबर मी होतो, आजही आहे. पण आम्हा आगऱ्यांच्या हळदीला मोठा काका नसला तर पोरीची मान खाली जाते. जाणार नाही म्हटलं, तर घरात बायको बोलेना. मी तणतणत करंजाडे गाठलं, खिडकीशी उभा राहिलो.

"सर, चूक कोणाची, एवढंच सांगा."

"हं."

"हं काय? सख्ख्या भावानं समोर दुकान काढावं?"

"मग?"

मी ओरडत होतो, गॅलरीत लोक जमले. सर आपले दर थोड्या वेळानं "मग?" त्या "मग?"च्या मागे मागे जात मी कुठच्या कुठे पोहोचलो. भाऊ माझ्या दुकानातल्या पहिल्या दिवशी खोकी वाहताना खांदा सोलून घेऊन आला होता, आणि मला कळू नये म्हणून तसाच शर्ट घालून जेवायला बसला होता, तेही सांगून बसलो.

"निकाल द्या, सर."

"मी निकालाला बसलो नाही, शेठ. पोरीचं नाव काय?"

"मयूरी," म्हणालो, आणि खिशातली पत्रिका काढून हळदीची तारीख बघितली. एवढंच झालं.

हळदीला गेलो, तो मांडवाबाहेरूनच तोंड दाखवून परतायचं ठरवून. बेंजोवाल्यांचा ताफा जोरात वाजत होता. भावानं लांबून पाहिलं. "दादूस, उभा काय हायस? पोर कवाची वाट बगते!" आणि मूठभर हळद माझ्या पांढऱ्या शर्टाला फासली.

"दुकान तुजं अजून समोरच हाय," मी बजावलं.

"हाय ना. बस आता."

बसलो. पहाटेपर्यंत बसलो.

हे सांगायला करंजाड्याला धावलो, तर घराला कुलूप. सरांना गुडघ्यांमुळे जिना होईना, म्हणून लेक दोघांना नगरला घेऊन गेली होती. फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "बोला शेठ, त्यांच्या कानाला लावते. पण ते बोलायचे नाहीत. या महिन्यात मौनवाले आलेत." मी सगळं सांगितलं. बेंजो, मयूरीनं गळ्यात टाकलेले हात, शर्टाचा न निघणारा डाग. पलीकडे नुसता सरांचा श्वास.

आता महिना संपला की सरांनी मला फोन करावा. इतकी वर्षं पोसलेला राग काढून घेतला, भाऊ परत आणून दिला, आणि जाऊन ज्याला हे सांगावं असा पनवेलभरातला एकुलता एक माणूस उचलून नगरला नेला. याचा जाब मला पाहिजे. सरांनी द्यावा, नाहीतर त्या खिडकीतल्या बाईंनी द्यावा.