परातीतले कार्बोरेटर

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल सोलापुरात प्रत्येकाला मत आहे. सकाळी फिरायला जा, कडू कारल्याचा रस प्या, भजनी मंडळात या. मी यातलं काही केलं नाही. मी एक मोडकी विलायती गाडी विकत घेतली. दोन सीटची, बुटकी, टप नसलेली स्पोर्ट्स कार. एका बंद बंगल्याच्या आवारात ती बाभळीखाली उभी होती आणि तिच्या बॉनेटखाली मांजर व्यायलं होतं. टेम्पोत घालून घरी आणली तेव्हा बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "ह्याच्यापरीस म्हस आणली आसती तर दूध तरी दिलं आसतं."

लोकांना वाटलं, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस, हाताला चैन पडत नसेल. मीही तसंच सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती.

माझा मोठा भाऊ साठी ओलांडल्यावर विसरायला लागला. आधी चष्मा, मग नावं, मग घरातली माणसं. तो गेला तेव्हा कोण गेलं हे आम्हाला कळलं, त्याला कळलं असेल असं वाटत नाही. मग माझीही साठी झाली. एकदा कपाट उघडून उभा राहिलो आणि कशाला उघडलं ते आठवेना. असं सगळ्यांचंच होतं म्हणा. पण एके दिवशी पान्याला काय म्हणतात तेच आठवेना. जिच्या जिवावर जन्मभर पोट भरलं ती वस्तू हातात, आणि तिचं नाव जिभेवर येईना. त्या दिवशी जी भीती बसली ती पुढं कधी पुरती गेलीच नाही.

डॉक्टरकडे जायचं मी टाळलं. भावाला नेलं तेव्हा मी सोबत होतो. त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, आजचा वार विचारला. आमच्या घरातला सगळ्यात हुशार माणूस त्या कागदासमोर मान खाली घालून बसला होता. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. म्हणून माझी परीक्षा मीच घ्यायची ठरवली. गाडी पुरती खोलायची आणि पुरती जोडायची. जमलं तर डोकं शाबूत आहे. नाही जमलं तर काय, याचा विचार करायचा नाही.

काम जमत गेलं. पत्रा ठोकला, रंग मारला, ब्रेक नवे केले. विलायती गाडीच्या नटबोल्टांचे आटे इंची असतात, आपल्याकडचे पाने त्यांना लागत नाहीत, ते मी जुन्या बाजारातून शोधून आणले. प्रत्येक नट नीट बसला की मला त्या दिवसापुरती झोप यायची. शेवटी राहिले कार्बोरेटर. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे दोन जुळे भाऊ. त्यांच्या पोटात इतके बारीक तुकडे असतात की एक शिंक आली तरी संसार विस्कटायचा.

मोबाइलवर फोटो काढून ठेवता आले असते. पण कॉपी करून पास व्हायचं तर परीक्षा कशाला? वर्कशॉपात शिकलो होतो तसं केलं. अंगणातल्या बाजेवर धोतर पसरलं आणि जो तुकडा जसा निघाला तसा ओळीनं मांडला. सुई, स्प्रिंग, फ्लोट, वॉशर. डाव्या कार्बोरेटरची ओळ डावीकडे, उजव्याची उजवीकडे. ही ओळ म्हणजेसुद्धा कॉपीच होती, पण तेव्हा मी ते मान्य केलं नसतं.

ते नवरात्राचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर बाज रिकामी. धोतर धुऊन तारेवर वाळत घातलेलं. क्षणभर मला वाटलं, मी इथं काही मांडलंच नव्हतं. ते सगळं माझ्या डोक्यातच झालं होतं. तारेला धरून उभा राहिलो.

देवघरातून उदबत्तीचा वास आला. आत गेलो. पाटावर घरातली मोठी पितळी परात होती. तीत माझे सगळे पाने, हातोडी, बायकोची विळी, अडकित्ता, आणि या सगळ्यांच्या मध्ये, साबणानं घासून लख्ख केलेला, हळदकुंकू लावलेला, झेंडूच्या पाकळ्यांत बुडालेला दोन्ही कार्बोरेटरांचा एकच ढीग.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

"आवो, खंडेनवमी हाय की आज," ती म्हणाली. "लोखंड पुजायचं आस्तंय. लई काळं झालतं, म्हणून म्या घासून काढलं. काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. वर्कशॉपातसुद्धा आम्ही या दिवशी लेथला हार घालायचो. पण मला धड बोलता येईना, कारण बोलायचं तर भीती सांगावी लागली असती. मी नुसताच थयथयाट केला. धोतर कुणाला विचारून धुतलं, असलं काहीतरी. ती माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरलो.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. सबंध दिवस मी देवघरासमोर बसून होतो. शेजारी म्हणाले, म्हातारा देवाला लागला. देव कुठला, मी त्या ढिगाकडे बघत होतो. दोन स्प्रिंगा दिसायच्या, दोन्ही सारख्या. कुठली कुणाची? या वॉशरच्या वर काय होतं? कालचं काल आठवत होतं, आज सगळं कोरं. भावाला त्या कागदावर घड्याळ असंच दिसलं असेल, असं मनात आलं.

दसऱ्याला सकाळी बायकोनं परातीवरची फुलं काढली आणि ती बाहेर आणून दिली. मी बाजेवर बसलो. पहिला तुकडा उचलला, नीट विचार करून लावला. चुकला. दुसरा लावला, चुकला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला. तेवढ्यात बायको रोजच्यासारखी भाजीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसली आणि तिनं श्रीखंडाचा विषय काढला. चक्का घरी टांगायचा की आणायचा. मी वैतागून म्हणालो, घरीच टांग, बाहेरचा आंबट असतो. ती म्हणाली, गेल्या वर्षी घरचाच आंबट झालता. झालं, आमचं जुंपलं. मोहोळच्या म्हशीपासून तिच्या माहेरच्या खाटेपर्यंत सगळं निघालं. आणि मधेच मी खाली बघितलं तर एक कार्बोरेटर पुरा झाला होता. माझ्याच हातांनी केला होता.

दुसराही तसाच झाला. परातीत हळदीखेरीज काही उरलं नाही.

दुपारी ते इंजिनावर चढवले. बटण दाबलं. गाडी खोकली, शिंकली, आणि मग घरघरत सुरू झाली. अंगणातली कोंबडी पळाली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. लाज वाटण्याचं वय सरलंय. वाटलं, सुटलो. मी पास झालो.

संध्याकाळी वहिनी, म्हणजे त्या मोठ्या भावाची बायको, सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडलो. गाडी दाखवली. परातीची गोष्ट फुशारकीनं सांगितली. सगळं कालवलेलं असताना, न बघता, भांडता भांडता कसं जोडलं ते. वहिनी हसली, गाडीच्या काळ्या दारावरून हात फिरवला.

"त्यांचंबी आसंच हुतं, भावजी," ती म्हणाली. "शेवटपातूर गल्लीतले रेडिओ दुरुस्त करायचे. समदं खोलून बारीक तारा बिनचूक जोडायचे. हाताला समदं येत हुतं. आन मी चा घिऊन गेले की इचारायचे, बाई, तुमी कुणाकडं आलाय?"

वहिनीला वाटलं, आपल्याला जुन्या आठवणीनं भरून आलं म्हणून आम्ही गप्प आहोत. तिनं डोळे पुसले आणि श्रीखंड चांगलं झालंय म्हणाली. मी हातातली आपट्याची पानं खिशात घातली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "मला म्हाईत हाय. लई दिस झालं."

"काय माहीत आहे?"

"आज सकाळपासनं तुमी मला चार डाव इचारलं, दसरा आज हाय का उद्या. गाडी हुईस्तवर काय बोलायचं न्हाय आसं ठरवलं हुतं म्या. आता झाली की गाडी."

मला एकदाही विचारल्याचं आठवत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. इतके दिवस माझी भीती मी एकटाच सांभाळतोय असं समजत होतो, आणि ही रोज भाजीची जुडी घेऊन माझ्याशेजारी कशाला बसत होती ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे निघालो. मी हट्टानं तीच गाडी काढली. बायको माझ्या डावीकडे बसली, पदर डोक्यावरून घट्ट बांधून. गाडी इतकी बुटकी की रस्त्यावर पाट टाकून बसल्यासारखं वाटत होतं. इंजिन छान चाललं होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते, लोक वळून बघत होते. सात रस्ता चौकात सिग्नल लागला आणि थांबलो. मग हिरवा झाला. मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली.

समोर रस्तेच रस्ते होते. याच चौकात मी सायकल शिकलो, याच चौकातून आमची वरात गेली. क्लच दाबलेला होता, पहिला गिअर टाकलेला होता, हातपाय आपापल्या जागी तयार होते. आणि कुठल्या रस्त्याला जायचं ते मला कळेना.

मी काही बोललो नव्हतो. बायकोनं मान वळवली नाही, समोरच बघत राहिली.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली. "सावकाश. हितनं फुडं मी सांगत जाते."

मी गाडी डावीकडे घेतली.