व्हिसा लागतच नाही, साहेब!

निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. पुष्कळ प्रकरणं पुसट झाली, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण नागावच्या त्या बारा पाहुण्यांचा दिवस विचारा, सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मिनिटामिनिटाने सांगेन. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही, कारण ही माणसं अजून याच किनाऱ्यावर राहतात.

मी तेव्हा समुद्राकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भाग पर्यटकांचा. घरगुती लॉज चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहुण्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स घ्यावी आणि रजिस्टर लिहावं, असा माझा तगादा असे. लोक मला कंटाळले होते. पण त्या दिवशी नागावच्या एक काकू, ज्यांच्या नारळाच्या वाडीत चार खोल्या आहेत, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन स्वतःच ठाण्यात आल्या.

"साहेब, आमच्याकडचे पाहुणे मला बरे दिसत नाहीत."

"काय करतात? दंगा?"

"दंगा केला असता तर मी इथे आलेच नसते. दोन दिवस खोलीबाहेर नाहीत. पाण्यात पाय घातला नाही कुणी. आणि हे पत्ते बघा. मुरुड, मुरुड, श्रीवर्धन, पाली, परत मुरुड. मुरुडची माणसं नागावला समुद्र बघायला येतात होय?"

मी खुर्चीत ताठ बसलो. इतका साधा प्रश्न माझ्या एकाही हवालदाराला सुचला नसता.

"बरोबर एक माणूस आहे, तो दिवसभर त्यांची शाळा घेतो," काकू पुढे म्हणाल्या. "किती दिवस राहणार? सात दिवस. कशाला आलात? फिरायला. नुसतं घोकतात. आणि चार वाजता विमानतळाची गाडी येणार आहे."

स्टेशन डायरीत नोंद केली, महिला हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि जीप काढली.

शाळा घेणारा माणूस पनवेलकडचा एजंट निघाला. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास आणि जिभेवर साखर. "साहेब, टेन्शन कशाला घेता? त्या देशात आता इंडियन लोकांना व्हिसा लागतच नाही. सगळे टुरिस्ट आहेत. रिटर्न तिकीट, हॉटेल बुकिंग, सब क्लिअर आहे. यात गुन्हा कुठला?"

खरं सांगतो, इथे मी कच्चा होतो. चोरी, मारामारी, वाळू, दारू यांतलं काहीही विचारा. व्हिसाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. ओसरीवर बसून हवालदार बाईंच्या फोनवर त्या देशाच्या सरकारचं संकेतस्थळ उघडलं आणि दोघांनी मिळून नियम वाचला. व्हिसाशिवाय प्रवेश होता, पण तो फक्त पर्यटनासाठी आणि ठरावीक दिवसांसाठी. नोकरी करायची असेल तर परवाना वेगळा.

आत जाऊन मुरुडच्या एका धिप्पाड गड्याला विचारलं, "कशाला चाललास?"

"फिराया, साहेब. सात दिवस."

"बॅग उघड."

बॅगेत दोन शर्ट आणि खाली पान्यांचा अख्खा संच! गडी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. मला हसू आवरेना. "पाने घेऊन फिरायला जातोस?"

"सवय हाय साहेब. पाना न्हाय तर हात रिकामे वाटतात." मग त्याचा आवाज उतरला. "नोकरी लागलीय तिकडं. कॉम्प्युटरवर टायपिंग. घालवू नका, पाया पडतो."

"टायपिंग येतं तुला?"

"तिकडं शिकवणार हायत."

बोटीच्या मिस्त्रीला टायपिंगसाठी परदेशी नेणारी कंपनी! माझी खात्री पटली, पण खात्रीवर गुन्हा दाखल होत नाही. बाराही जण सज्ञान होते, पासपोर्ट खरे होते आणि तक्रार द्यायला कुणीच तयार नव्हतं. एक वाजून गेला होता. चारला ही माणसं माझ्या डोळ्यांदेखत गाडीत बसली असती आणि मला हात हलवून निरोप द्यावा लागला असता.

सगळ्यांत जास्त भडकली होती ती पालीची एक मुलगी. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, बारा जणांतली एकटी बाई. "माझा भाऊ दोन महिन्यांपूर्वी यांच्याच मार्फत गेलाय. मजेत आहे. तुम्ही उगाच आमच्या वाटेत येताय."

"फोन करतो?"

"ड्युटीत फोन चालत नाही. मेसेज येतो." मग रागाच्या भरात म्हणाली, "इतका मजेत आहे की संकष्टी पण सोडली त्याने! बल्लाळेश्वराच्या पायाशी वाढलेला मुलगा, शाळेपासून एक उपास चुकवला नव्हता. तिकडे संकष्टीला मासे खातोय आणि वर आम्हाला कळवतोय. आईने तेव्हापासून त्याचं नाव घेतलेलं नाही."

"मेसेज दाखव."

तिने फोन पुढे केला. रोजचा मेसेज एकाच छापाचा होता, मी ठीक आहे, काम चांगलं आहे. दोनच मेसेज वेगळे: आज दुपारी सुरमई आणि भात पोटभर जेवलो. आईला सांग.

हवालदार बाई स्वतः संकष्टी करणाऱ्या. त्यांनी तारखा ताडून पाहिल्या. दोन्ही वेळा नेमकी संकष्टी होती. इतर एकाही दिवशी त्याने काय खाल्लं ते लिहिलं नव्हतं.

"पोरी, एक सांग," मी म्हणालो, "उपास मोडणारा माणूस घरी कळवतो का? आणि तेही आईला?"

तिने दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. "तो खोटं बोलतोय, साहेब. सगळंच खोटं आहे, असं सांगतोय तो."

पुढच्या क्षणी ती एजंटसमोर जाऊन उभी राहिली. "माझा भाऊ कुठाय?"

एजंट दाराकडे सरकला. दारात तो मिस्त्री उभा होता, हातात पाना घेऊन. "तू आता कुठं न्हाय जायचं," तो म्हणाला. पाना मी काढून घेतला, पण थोडा वेळ लावला, हे कबूल करतो.

मुलीची फिर्याद वाडीतच लिहून घेतली, शिपायाकरवी ठाण्यात धाडून गुन्हा दाखल केला, फोन आणि पासपोर्ट पंचनाम्याने जप्त केले. तिथेच चौकशी सुरू केली, तर एजंट तासभर उडवाउडवी करत राहिला. शेवटी मी त्याच्याच शाळेतले प्रश्न काढले. "किती दिवस राहणार? कशाला आलास? कुठे उतरणार?" तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याचा बांध फुटला. पाहुणे तिकडच्या विमानतळावर उतरले की त्यांना मोटारीने सीमेपलीकडे नेत. तिथे भिंतीआडच्या इमारतीत कोंडून, फोन काढून घेऊन त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम करून घेत. घरी रोज एक मेसेज पाठवू देत, पण तोही तिथला पहारेकरी मशीनवर भाषांतर करून वाचे. त्याला सुरमई आणि भात दिसला, आणखी काय दिसणार?

चारला गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, समोर आमची जीप पाहिली आणि बिचारा स्वतःहून हात वर करून उतरला. त्या हॉर्नचा आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो बढतीच्या ऑर्डरनेही झाला नव्हता.

भावाचा ठावठिकाणा एजंटच्या फोनमधून मिळाला. वरिष्ठ कार्यालय, दूतावास असा पत्रव्यवहार चालला आणि काही आठवड्यांनी तो सुटून आला. आता कुणी परदेशी निघालं की मी विचारतोच: व्हिसा लागत नाही हे ठीक, पण कुणाला लागत नाही आणि कशासाठी लागत नाही, ते वाचलंत का? तेवढं तर हे प्रकरण शिकवून गेलंच. पण मोठी शिकवण दुसरी होती. माणूस काय लपवतो ते शोधण्यात माझी नोकरी गेली. जे सांगायची गरज नसते ते तो का सांगतो, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

जबाबासाठी मुलीचा तो भाऊ ठाण्यात आला तेव्हा आई बरोबर होती. "मुलगा हाका मारत होता आणि मी रुसून बसले, साहेब," ती म्हणाली.

"तू रुसणार म्हणूनच लिहिलं, आई," तो म्हणाला. "तू रुसली नसतीस तर ताईने साहेबांना सांगितलं असतं का?"

आईने पिशवीतून डबा काढला आणि बाकावरच उघडला. सुरमई आणि भात होता. "आज चतुर्थी नाही, बघून आलेय," ती म्हणाली. "जेव. माझ्यासमोर जेव."

तो जेवायला लागला आणि रडायला लागला. त्याचा जबाब आम्ही जेवण झाल्यावरच नोंदवला.